मुक्या जिवाचं पथ्य

सोनीला मी मारलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडखळणार नाही.

मार्चअखेरचे दिवस होते. कॉलेजात परीक्षांची धामधूम चाललेली. सकाळी नऊला घर सोडायचं ते संध्याकाळी पाच-साडेपाचला परतायचं. एके दिवशी दार उघडलं तर देवघराबाहेरच्या शहाबादी फरशीवर थारोळं. सहा वर्षांत जिनं घरात एकदाही घाण केली नाही, तिनं आज नेमकी देवघराची जागा पाहावी, याचा मला संताप आला. वर्तमानपत्राची गुंडाळी करून दोन तडाखे दिले. ती कोपऱ्यात जाऊन बसली आणि बसल्या जागी पुन्हा चार थेंब सांडले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर थेंब गुलाबी होते.

सोनी अर्धी मुधोळ आहे, अर्धी कोण ते देव जाणे. एका विद्यार्थ्यानं रायबागकडून पिल्लू आणून दिलं होतं. आमच्या या भागाला मुधोळच्या कुत्र्यांचं भारी कौतुक. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यांत ती आली. आता मुधोळजवळ तिम्मापूरला तिच्यासाठी सरकारी संशोधन केंद्रही आहे. पण पोटातला खडा जातकुळी विचारत नाही. आमच्या घरात दोन भाषा. मी मराठी, बायको बैलहोंगलची. सोनी दोन्ही भाषांत मार्क मिळवते. 'ये' म्हटलं तरी येते, 'बा' म्हटलं तरी येते. फक्त आपल्याला दुखतंय हे तिला एकाही भाषेत सांगता येत नाही. त्या दिवशी तिनं तेच सांगितलं होतं, तिच्या पद्धतीनं.

घरात लगेच वैद्यकी सुरू झाली. एरवी माझी आई आणि सासूबाई यांचं भाजीत गूळ घालायचा की नाही इथूनच मतभेद असतात, पण या वेळी दोघींचं एकमत झालं. ही उष्णता! आईनं धने-जिऱ्याचं पाणी केलं. सासूबाईंनी हुरळी, म्हणजे आपला हुलगा, शिजवून कढण काढलं. शेजारच्या काकूंनी कुंडीतली पानफुटीची पानं आणून दिली. मुतखड्यावर रामबाण म्हणून. आणि मी, घरातला शिकलेला माणूस, कपाटातलं लघवीच्या जळजळीवरचं माणसांचं सिरप काढलं आणि दोन चमचे पाजलं.

यांतलं धने-जिरं तेवढं निरुपद्रवी. हुलग्याचं कढण चवीला बरं आणि त्यानिमित्तानं पाणी पोटात जातं, एवढाच त्याचा गुण. कुत्र्याचा खडा त्यानं विरघळतो याला काही पुरावा नाही. पानफुटी मात्र कुत्र्याला विषारी आहे. त्या वनस्पतीत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्यं असतात. ही पानं खाऊन जनावरं दगावल्याच्या नोंदी आहेत. सोनीनं वास घेऊन तोंड फिरवलं म्हणून वाचलो. आणि माझं सिरप? ते लघवी अल्कधर्मी करतं. सोनीला जो खडा झाला होता तो अल्कधर्मी लघवीतच वाढतो. म्हणजे मी आगीत तेल ओतत होतो, तेही चमच्यानं मोजून. खायचा सोडा पाण्यात घालून देणारेही आपल्याकडे आहेत, त्यांचंही तेच.

पशुवैद्यांकडे नेलं. त्यांनी पाच दिवसांच्या प्रतिजैविकाच्या गोळ्या दिल्या आणि लघवीचा नमुना आणायला सांगितला. तिसऱ्या दिवशी सोनी उड्या मारायला लागली. मी गोळ्या बंद केल्या आणि नमुना काही नेला नाही. पेपर तपासायचे होते, हे कारण होतंच. तीन आठवड्यांनी सगळं पुन्हा सुरू झालं, या वेळी जास्त. दर दहा मिनिटांनी दाराशी जायची, अंगणात बसायची, कण्हायची आणि दोन थेंब टाकून परत यायची.

आता नमुना आणणं आलं. कुत्रीची लघवी कशात धरायची, हे कुठल्या एम.ए.ला शिकवत नाहीत. बायकोनं जुनी आमटीची पळी दिली, "ही परत स्वयंपाकघरात आणायची नाही" या अटीवर. पहाटे अंगणात मी पळी घेऊन सोनीच्या मागे वाकून फिरतोय आणि सोनी मागे वळून वळून बघतेय, हे दृश्य समोरच्या आजोबांनी पाहिलं. अजूनही भेटले की हसतात. पण या खटाटोपातून एक कळलं, ते उपयोगाचं आहे. नमुना ताजा लागतो, अर्ध्या-एक तासाच्या आतला. फ्रीजमध्ये ठेवलेली लघवी गार झाली की तिच्यात नसलेले स्फटिकही तयार होतात आणि अहवाल चुकतो. शिवाय नुसते थोडे स्फटिक दिसले म्हणजे आजार झाला असंही नाही. धडधाकट कुत्र्यांच्या लघवीतही ते सापडतात. त्याला ना जंतुसंसर्ग, ना खडा, ना त्रास, तर औषधाचीही गरज नसते. जंतू नेमके कोणते हे पाहायला पळीतला नमुना चालत नाही. त्यासाठी डॉक्टर पोटातून बारीक सुईनं थेट मूत्राशयातली लघवी काढतात. बघताना माझे पाय लटपटले, सोनीनं मात्र कान हलवला फक्त.

क्ष-किरणात दोन खडे दिसले, हरभऱ्याच्या डाळीएवढे. लघवी अल्कधर्मी, स्फटिक शवपेटीच्या झाकणासारखे दिसणारे, आणि कल्चरमध्ये स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू. डॉक्टर म्हणाले, स्ट्रुव्हाइट.

हे नाव कुठून आलं ते मी नंतर शोधलं. मास्तरकी सुटत नाही. १८४५ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात खोदकाम चाललं असताना जुन्या शेणखताच्या थरात हे स्फटिक सापडले आणि फॉन स्ट्रुव्ह नावाच्या खनिजप्रेमी गृहस्थाचं नाव त्यांना मिळालं. मॅग्नेशियम, अमोनिया आणि फॉस्फेट यांचा हा खडा. शेणखतात जे घडलं तेच सोनीच्या पोटात घडत होतं. काही जंतूंकडे लघवीतला युरिया फोडायची किल्ली असते. युरिया फुटला की अमोनिया तयार होतो, लघवी अल्कधर्मी होते आणि मग मॅग्नेशियम, अमोनिया, फॉस्फेट एकत्र येऊन खडा धरतो. माद्यांची मूत्रनलिका आखूड आणि रुंद असते, त्यामुळे जंतू लवकर वर चढतात. म्हणून हा खडा माद्यांत जास्त.

सासूबाईंना हे मी कन्नडमध्ये समजावलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "मी दुधात रोट्टी कुस्करून देत होते, त्यानं झालं का?" त्या दोन दिवस जेवल्या नव्हत्या, हे मला तेव्हा कळलं. दुधानं झालं नाही, भाकरीनंही नाही. कुत्र्यातला स्ट्रुव्हाइट बहुतेक वेळा जंतूंमुळे होतो. मांजराचं गणित वेगळं, तिथं जंतू नसतानाही होतो. त्यामुळे मांजरवाल्यांचे सल्ले कुत्र्याला लावू नयेत. दोष कुणाचा असेलच तर तो आमच्या दिनक्रमाचा होता. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच सोनी घरात बंद असायची. तुंबलेली लघवी म्हणजे जंतूंना आयतं घर. पाण्याचं भांडं अंगणात, चैत्राच्या उन्हात तापलेलं, कडेला हिरवं शेवाळ. ते पाणी मी प्यायलो असतो का?

उपचार दोन पायांवर चालतो, जंतूंवर औषध आणि खड्यावर पथ्य. पथ्य हा शब्द कन्नडमध्येही पथ्यच, त्यामुळे घरात भाषांतराची गरज पडली नाही, पालनाची पडली. खडा विरघळवण्यासाठी कुत्र्यांचं एक खास औषधी अन्न मिळतं. त्यात प्रथिनं बेताची असतात, म्हणजे युरिया कमी तयार होतो. मॅग्नेशियम आणि फॉस्फरस कमी असतात. काहींत मीठ थोडं जास्त असतं, तहान लागावी म्हणून. आणि लघवी आम्लधर्मी राहील अशी त्याची बांधणी असते. हे अन्न घरी भात-भाकरीचं गणित मांडून जमत नाही. मी वही घेऊन बसलो होतो, डॉक्टरांनी ती मिटायला लावली. पिशवीची किंमत ऐकून बायको म्हणाली, "या किमतीत आपलं घर महिनाभर जेवतं." तरीही शस्त्रक्रियेपेक्षा ते स्वस्त आणि सोनीला सुखाचं. हे अन्न सगळ्यांना चालत नाही, तेही सांगायला हवं. वाढत्या पिल्लाला, गाभण किंवा पाजत्या कुत्रीला, मूत्रपिंडाचा विकार असलेल्याला, आणि त्यात स्निग्ध पदार्थ जास्त असल्यानं स्वादुपिंडाचा त्रास झालेल्याला ते घातक ठरू शकतं. दुकानातून परस्पर आणायची ही वस्तू नाही.

आणि अट एकच, पण कडक. दुसरं काहीही द्यायचं नाही. इथं आमच्या घराची परीक्षा होती. सोनीच्या वाट्याला सकाळी चहाबरोबरचं बिस्कीट, दुपारी आईच्या पानातला भाकरीचा तुकडा, रात्री सासूबाईंचा सांबार-भात. नामदेव महाराज भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आईनं मला तीन वेळा ऐकवली. मी म्हटलं, त्या कुत्र्याला मुतखडा नव्हता. हे उत्तर तिला आवडलं नाही. पहिल्या आठवड्यात मी तिला दोनदा पदराआडून तूपभाकरी देताना पकडलं. तेव्हा मुलीनं पुठ्ठ्यावर कन्नड आणि मराठीत 'पथ्य चालू आहे' असं लिहून पाटी सोनीच्या गळ्यात बांधली. आई पाटीला मानते, मला नाही.

पाण्याचं मात्र सगळ्यांनी मनावर घेतलं. खडा कुठलाही असो, पातळ लघवी हे त्यावरचं पहिलं औषध. निरोगी कुत्रं दिवसाला साधारण दर किलो वजनामागे ५० ते ६० मिलि पाणी घेतं, अन्नातलं धरून. सोनी १८ किलोची, म्हणजे लिटरभर. आम्ही घरात तीन ठिकाणी भांडी ठेवली, दिवसातून दोनदा घासून भरायची. औषधी अन्नातही कोमट पाणी ओतायचं, खिमट होईल इतकं. लघवीची घनता तपासून डॉक्टर सांगतात, १.०२० च्या खाली राहिली तर चांगलं. उलट एखादं कुत्रं आपण होऊन किलोमागे १०० मिलिच्या वर पाणी प्यायला लागलं तर खूश होऊ नये. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असू शकतो. बोअरच्या जड पाण्यानं खडे होतात का, असं बरेच जण विचारतात. पाणी जड की हलकं यापेक्षा ते पोटात किती जातं हे महत्त्वाचं. कुत्रं जे आवडीनं पितं ते द्यावं. आणि दिवसातून चार वेळा बाहेर न्यावं. दुपारची फेरी आता सासूबाईंकडे आहे. त्यांचे गुडघेही त्यामुळे सुधारले, असं त्या सांगतात.

या वेळी गोळ्या एकही चुकवल्या नाहीत. खडा थराथरानं विरघळतो आणि प्रत्येक थरात जुने जंतू दडलेले असतात, ते बाहेर पडतात. म्हणून खडा असताना औषध किती दिवस चालवायचं हे डॉक्टरच ठरवतात. साध्या संसर्गाला मात्र हल्ली तीन ते पाच दिवस पुरतात असं मानतात. महिन्यानं क्ष-किरण काढला तर खडे निम्मे झालेले. अकराव्या आठवड्यात काहीच दिसेना. मी तो काळा फोटो दिव्यासमोर धरून सगळ्यांना दाखवला, त्यात बघण्यासारखं काही नाही हेच बघण्यासारखं होतं. औषधी अन्न थांबलं. हा खडा जंतूंचा असल्यानं जन्मभर पथ्याची गरज सहसा पडत नाही. लघवी मात्र अधूनमधून तपासायची.

इथं लेख संपला असता तर मी शहाणा ठरलो असतो.

पिशवीत निम्मं अन्न उरलं होतं. श्रावणात निपाणीचे दाजी आले. त्यांच्याकडे टायगर, नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर, नर. तंबाखूच्या वखारीत लहानाचा मोठा झालेला, सगळ्या गावाचा लाडका. दाजी म्हणाले, त्याच्याही लघवीत रक्त दिसतंय, खडा आहे म्हणतात. मी लगेच व्याख्यान दिलं. विरघळतो, दाजी, कापाकापी करू नका, हे घ्या. उरलेली पिशवी त्यांच्या गाडीत ठेवली. किती उदार झालो होतो मी!

खडे सगळे एक नसतात. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा कुठल्याही अन्नानं, कुठल्याही काढ्यानं विरघळत नाही. तो स्ट्रुव्हाइटच्या उलट, आम्लधर्मी किंवा उदासीन लघवीत तयार होतो आणि नरांत जास्त आढळतो. म्हणजे सोनीच्या पथ्यानं टायगरच्या खड्याला पोषक हवा मिळाली. डाल्मेशियन कुत्र्यांत तिसराच प्रकार, युरिक आम्लाचा, आणि तो जन्मजात दोषातून येतो. त्याला काळीज-गुर्दा असलं मांस वर्ज्य. हे सगळं डॉक्टरांनी मला सोनीच्या वेळीच सांगितलं होतं. मी ऐकलं ते माझ्या कामापुरतं.

नराची आणखी एक अडचण. त्याच्या लिंगात एक हाड असतं आणि मूत्रनलिका त्या हाडाच्या खोबणीतून जाते. ती रुंदावू शकत नाही. खडा तिथं येऊन अडकला की दार बंद. गणपतीच्या आदल्या रात्री बहिणीचा फोन आला. टायगर सकाळपासून पाय वर करतोय, एक थेंब येत नाही, पोट टणक झालंय, आता उलट्या करतोय. मी म्हणालो, "सकाळी बघू." फोन ठेवला आणि झोप येईना. सोनीच्या डॉक्टरांना अकरा वाजता फोन केला. ते ओरडलेच. लघवी पूर्ण अडली की रक्तात पोटॅशियम साचतं, हृदय बंद पडू शकतं, मूत्राशय फुटू शकतं. दोन दिवसांत कुत्रं जातं, कधी त्याआधीच. सकाळ नाही, आत्ता.

दाजींनी टायगरला गाडीत घातलं. बेळगावला यायचं तर तवंदी घाट ओलांडून सत्तरेक किलोमीटर, कोल्हापूर जवळ. ते कोगनोळीवरून कोल्हापूरला गेले. सीमेच्या या बाजूला की त्या बाजूला, याचा वाद आपण आयुष्यभर घालतो. त्या रात्री फक्त किलोमीटर मोजले गेले. तिथं नळी घालून पाण्याच्या दाबानं खडा मागे मूत्राशयात ढकलला, रात्रभर सलाईन दिलं आणि दोन दिवसांनी पोट उघडून खडे काढले. काटेरी, छोटे, सात होते. तपासणीत ऑक्झलेट निघालं. टायगर वाचला.

दाजी मला एक शब्द बोलले नाहीत. बहीण बोलली, आणि तिनं बोलायलाच हवं होतं. मी त्या दोन-तीन दिवसांत कोल्हापूरला गेलो. टायगर पिंजऱ्यात झोपला होता, पोटावर पट्टी. मला बघून शेपूट हलवली. दोषी माणसाला यापेक्षा कठीण शिक्षा नसावी.

ऑक्झलेटचा खडा काढला तरी पुन्हा होण्याची शक्यता मोठी असते. म्हणून टायगरचं पथ्य आता जन्माचं आहे आणि ते सोनीच्या पथ्यासारखं नाही. भरपूर पाणी आणि ओलं अन्न हे सारखंच. पण त्याची लघवी आम्लधर्मी करायची नाही. पालक, बीट, शेंगदाणे बंद. दाजींच्या वखारीत त्याला मूठमूठ शेंगदाणे मिळायचे. ताकद यावी म्हणून कुणीतरी क जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुचवल्या होत्या, त्याही बंद, कारण शरीरात त्याचंच ऑक्झलेट होतं. विशेष अन्न त्याच्या डॉक्टरांनी ठरवून दिलंय. दर तीन-चार महिन्यांनी लघवी आणि फोटो तपासायचा. वाईनरीवाल्यांची जाहिरात करावी तशी क्रॅनबेरीच्या गोळ्यांची जाहिरात हल्ली बरीच दिसते. कुत्र्यांत त्याचा पुरावा लंगडा आहे आणि खडा तर त्यानं मुळीच जात नाही. द्राक्षं, बेदाणे मात्र कुठल्याच कुत्र्याला देऊ नका, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. विजापूरकडचे बेदाणे घरात किलोकिलोनं येतात, म्हणून मुद्दाम लिहितोय. कांदा-लसणाचा रस्साही नको, आणि माणसाच्या वेदनाशामक गोळ्या तर नकोतच.

या सदराचे वाचक मला रस्त्यात गाठून कुत्र्यामांजरांबद्दल विचारतात. मी आता एवढंच विचारतो: नर की मादी, लघवी येतेय का, आणि खडा कसला आहे ते तपासलंय का? येत नसेल तर बोलत उभं राहू नका, गाडी काढा. बाकीचं डॉक्टरांना विचारा.

गेल्या रविवारी निपाणीला गेलो होतो. टायगर अंगणात टमरेलभर पाणी पीत बसला होता. बहिणीनं माझ्यासाठी चहा आणला, शेजारी शेंगदाण्याच्या लाडवांची बशी ठेवली. टायगरनं बशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी बशी उचलून फडताळावर ठेवली. बहीण आतून म्हणाली, "बरं झालं, शिकलास."